औषधांचा डबा सतरंजीवर उपडा करा

माझं लोणंदला मेडिकल आहे. डी. फार्म. होऊन काउंटरमागे उभी राहिले त्याला आता बावीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत औषधाच्या नावाने औषध मागणारी माणसं मला बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. "ताई, एक तापाची द्या." "अंगदुखीची द्या, ती पिवळी." "गॅसची द्या, मागं दिली होती ती." "पोराला कफाची बाटली द्या." आजाराच्या नावाने मागतात, रंगाने मागतात, आणि घरी नेल्यावर डब्यातही त्या गोळ्या त्याच नावाने नांदतात. तापाची, सर्दीची, अंगदुखीची. घोळ इथेच होतो. गोळ्या तीन असतात, पण तिन्हींच्या आत एकच औषध असू शकतं.

हे माझ्याच घरात घडलंय. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी दोन दिवस पुण्याला गेले होते. मागे सासूबाईंना ताप आला. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल 650 दिली, दिवसातून चार वेळा. नाक वाहत होतं म्हणून त्यांनी घरच्या डब्यातली सर्दीची गोळी काढली, ती तीन वेळा. अंग मोडून आलं होतं म्हणून शेजारच्या काकूंनी आपली अंगदुखीची गोळी दिली, तीही तीन वेळा. दोन दिवसांनी मी परत आले तर आई भिंतीकडे तोंड करून निजलेल्या. मळमळ होतेय, अन्न नको म्हणाल्या. उशाखाली रिकामी पाकिटं होती. ती उलटी करून मी वाचली आणि कॅलेंडरच्या पानामागे बेरीज मांडली. तापाच्या गोळीचे 650 गुणिले चार, म्हणजे 2600. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल 500, गुणिले तीन, 1500. अंगदुखीच्या गोळीत ॲसिक्लोफिनॅकच्या जोडीला पॅरासिटामॉल 325, गुणिले तीन, 975. एका दिवसाचे 5075 मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000 आहे, आणि आईंचं वजन सत्तेचाळीस किलो.

त्याच रात्री साताऱ्याला नेलं. यकृताच्या तपासण्या झाल्या, सलाइनमधून उतारा दिला, चार दिवसांनी घरी आल्या. मेडिकलवालीच्या घरात, तीन वेगळ्या हातांनी, प्रत्येकाने प्रेमानेच दिलेल्या गोळ्या होत्या त्या. त्यानंतर मी एक रीत बसवली. ती गिऱ्हाइकांना तोंडी सांगते, इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी पाकीट उलटं करा

एखाद्या रविवारी दुपारी, चांगल्या उजेडात, सतरंजी अंथरून औषधांचा डबा उपडा करा. फक्त डबा नाही, फ्रिजच्या दारातले थेंब, देवघराच्या फळीवरचं मलम, आजोबांच्या सदऱ्याच्या खिशातली अर्धी पट्टी, गाडीच्या कप्प्यातल्या गोळ्या, सगळं एका जागी आणा. भिंग घ्या. भिंग नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा, कारण आपल्याला हवी असलेली अक्षरं मुंगीएवढी असतात.

पाकिटावर ठळक अक्षरांत असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. ते सोडून द्या. त्याच्या आसपास बारीक अक्षरांत प्रत्येक गोळीत काय आहे ते लिहिलेलं असतं. तिथे औषधाचं खरं नाव, त्यापुढे बहुधा आय. पी. ही दोन अक्षरं, म्हणजे इंडियन फार्माकोपिया (औषधांचा दर्जा ठरवणारं सरकारी पुस्तक), आणि मग मिलिग्रॅमचा आकडा. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल ही नावं वेगळी, आत तेच पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. ज्या ज्या पाकिटावर पॅरासिटामॉल सापडेल ती सगळी एका ढिगात ठेवा. पहिल्यांदा हे करणाऱ्यांना तो ढीग बघून धक्का बसतो. पेनाने प्रत्येक पाकिटावर मोठ्ठा 'पॅ' लिहा. घरात नियम एकच, 'पॅ'वाली एक गोळी चालू असताना दुसरी 'पॅ'वाली घ्यायची नाही.

पॅरासिटामॉल वाईट औषध नाही. तापाला मी स्वतः तेच देते. अडचण मापाची आहे. यकृत हे औषध मोडतं तेव्हा त्यातला थोडा भाग विषारी होतो. यकृताजवळ ते विष मारायला ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं, पण त्याचा साठा बेताचा. साठा संपला की विष यकृताच्याच पेशी खातं. आणि फसवणूक अशी की पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, फार तर मळमळ. माणूस चालतो-बोलतो. डोळे पिवळे व्हायला लागतात तोवर बराच उशीर झालेला असतो. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि पहिल्या आठ तासांत दिला तर तो सगळ्यात चांगला लागू पडतो. त्यामुळे कुणी चुकून किंवा रागाच्या भरात जास्त गोळ्या घेतल्या असतील तर 'बघू, काही झालं तर नेऊ' असं करू नका. काही होण्याआधीच न्या, आणि रिकामी पाकिटं बरोबर घ्या. रोज दारू घेणारा, यकृताचा आजार असलेला, उपाशी किंवा पन्नास किलोच्या आतला माणूस, यांची मर्यादा 4000 च्या बरीच खाली असते. ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

वारीतले बाबा

दुसरा ढीग दुखण्याच्या गोळ्यांचा. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रॉक्सेन, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब. नावं निरनिराळी, घराणं एक.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्याकडे येते तेव्हा आळंदी सोडून आठवडा झालेला असतो. त्या दोन दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तीन वर्षांमागे मराठवाड्यातले एक बाबा आले, सत्तरीचे. "माउली, दुखण्याच्या गोळ्यांचं एक पाकीट दे." सोबत रिकामं पाकीट होतं, डायक्लोफिनॅकचं. म्हणाले, आळंदीपासून रोज दोन घेतोय, नाहीतर गुडघे उचलत नाहीत. मी सहज खाली बघितलं. दोन्ही पाय घोट्यापाशी सुजलेले, वहाणेचा पट्टा मांसात रुतलेला. नडगीवर अंगठा दाबायला सांगितलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. बीपीची गोळी चालू आहे का विचारल्यावर त्यांनी पिशवीतून ती काढली. टेल्मिसार्टन, आणि त्याच गोळीत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड. पाणी किती पिता? "कमीच. वाटंत जायची अडचण होती."

मी डायक्लोफिनॅक दिलं नाही. आमच्या दुकानातल्या पोराला बरोबर देऊन त्यांना वारीच्या वैद्यकीय पथकाकडे पाठवलं. तिथे त्यांना ठेवून घेतलं आणि पुढचे दोन मुक्काम गाडीतून नेलं.

त्या बाबांच्या अंगात काय चाललं होतं ते नीट समजून घ्या, कारण ही तीन औषधं एकत्र आलेली घरं आपल्याकडे खूप आहेत. मूत्रपिंडात रक्त आत येतं ती नळी मोकळी ठेवायचं काम शरीरातली काही द्रव्यं करतात. दुखण्याची गोळी नेमकी तीच द्रव्यं बनू देत नाही, म्हणून तर दुखणं थांबतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशी बीपीची औषधं बाहेर जाणारी नळी सैल करतात. लघवीची गोळी अंगातलं पाणी उतरवते. वर ऊन, चाल आणि पाणी कमी. गाळणीवर दाबच उरत नाही. लघवी कमी होते, सूज येते, वजन वाढतं. दुखत काही नाही, त्यामुळे कळत नाही. ऊसतोडीच्या फडात, खळ्यावर, लग्नाच्या धावपळीत हेच होतं.

गिधाडांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गाईम्हशींना डायक्लोफिनॅक टोचलं जायचं, ती जनावरं मेली की गिधाडं खायची, आणि मूत्रपिंडं निकामी होऊन पटापट मरायची. आपल्या देशातून गिधाडं जवळजवळ नाहीशी झाल्यावर 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणसाचं शरीर गिधाडाहून फार वेगळं आहे, आपण हे औषध पचवतो. पण आमच्या कॉलेजातल्या सरांनी ही गोष्ट सांगितल्यापासून डायक्लोफिनॅकचं पाकीट फाडताना मला मूत्रपिंड आठवतं.

पोटाचंही बघा. या गोळ्यांनी जठराच्या आतलं अस्तर सोलवटतं आणि रक्त झिरपतं, कधी पोट न दुखताच. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट झाली, उलटी चहाच्या चोथ्यासारखी झाली, तर गोळी बंद आणि तडक दवाखाना. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळी होते, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना तेही सांगा.) हृदयविकारासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असलेल्याने दुखण्याची गोळी स्वतःच्या मनाने घेऊच नये. दम्याच्या काही रुग्णांना एका गोळीने दमा उसळतो. गरोदर बाईने तर नाहीच, पाचव्या महिन्यानंतर अजिबात नाही.

आणि पावसाळ्यातला ताप. डेंग्यू नाही असं कळेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांना हात लावायचा नाही, कारण रक्तस्राव वाढतो. तोवर फक्त पॅरासिटामॉल, आणि पाणी. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड द्यायला आपल्या देशात 2011 पासून बंदी आहे. तरी "ताप लगेच उतरतो" म्हणून आजही लोक पोरांसाठी ते मागतात.

मग गुडघ्याचं काय करायचं? शेक, वरून लावायचं जेल, गरज पडली तर पॅरासिटामॉल, ते पुरत नसेल तर डॉक्टर. दुखण्याची गोळी दिलीच तर जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, एकच प्रकार, सांगितले तेवढेच दिवस.

मुलांच्या बाटल्या

इथे मी सगळ्यात जास्त घाबरते. एकच पॅरासिटामॉल बाळासाठी तीन ताकदींत मिळतं. पाच मिलीत 125 मिलिग्रॅमचं सिरप (कुठे 120), पाच मिलीत 250 चं सिरप, आणि ड्रॉपरवाले थेंब, ज्यात एका मिलीतच 100 मिलिग्रॅम असतं. खोकी सारखी, रंग सारखा. मुलाला एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅमपर्यंत लागतं. दहा किलोचं मूल असेल तर 150. म्हणजे साध्या सिरपचे सहा मिली, 250 वाल्याचे तीन मिली, थेंबांचा फक्त दीड मिली. आता आजीने पाठ करून ठेवलंय, "बाळाला पाच मिली द्यायचं." बाटली थेंबांची निघाली तर पोटात 500 मिलिग्रॅम गेलं, तिपटीहून जास्त.

म्हणून बाटली घेताना वजन सांगून त्याच बाटलीसाठी किती मिली ते विचारा, आणि ते बाटलीवरच चिकटपट्टी लावून लिहा. दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारच वेळा. घरातला चमचा वापरू नका. आमच्याकडच्या चहाच्या चमच्यात तीन मिली बसतं आणि कांदेपोह्यांच्या चमच्यात सात, मी मोजून पाहिलंय. बाटलीसोबत मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज येते, तीच वापरा. उघडलेली बाटली पुढच्या आजारपणासाठी वर्षभर ठेवू नका.

सर्दी-खोकल्याचं सिरप हा वेगळाच विषय. 2025 च्या पावसाळ्याअखेरीस मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लहान मुलं खोकल्याच्या सिरपने दगावली. त्यांतली कित्येक उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणली होती. त्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं, त्याने मूत्रपिंडं बंद पडतात. भेसळ तुम्ही घरी ओळखू शकत नाही. पण त्या मुलांना आजार काय होता? साधी सर्दी, खोकला, ताप. केंद्राच्या आरोग्य खात्याने त्यानंतर पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली ती शक्यतो टाळायची. लहान मुलाचा साधा खोकला आपला आपण जातो. कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, वर्षाच्या पुढच्या मुलाला चमचाभर मध. वर्षाच्या आत मध नाही. छाती उडतेय, बाळ दूध ओढत नाही, सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर सिरप शोधू नका, डॉक्टर गाठा.

मोठ्यांच्या सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉलशिवाय आणखी दोन गोष्टी असतात. नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन, ते रक्तवाहिन्या आवळतं, बीपीवाल्याचं बीपी चढवतं. आणि क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन, त्याने झोप येते. ती घेऊन रात्री ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवू नका. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसाची क्लोरफेनिरामिनने लघवी तुंबते. पहाटे तीनला पोट फुगून तळमळणाऱ्या एका आजोबांना घेऊन त्यांचा मुलगा माझ्या दारात आला होता, आणि कारण होतं दोन सर्दीच्या गोळ्या. नाकात टाकायचे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांच्या वर वापरले की नाक थेंबांशिवाय उघडेनासं होतं. गेली दोन वर्षं खिशात थेंब घेऊन फिरणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत.

गॅसची गोळी

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल. या सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात, जळजळ झाल्यावर पेढ्यासारख्या नाही. चार-सहा आठवड्यांसाठी दिलेली गोळी लोक पाच-पाच वर्षं घेतात. लांबत गेलं की बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होतं, हाडं ठिसूळ व्हायचा धोका वाढतो. एकदम सोडली तर आम्ल उसळून येतं, आणि माणसाला वाटतं आपल्याला गोळी लागतेच. डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडा. सोडा असलेली फसफसणारी पावडर रोज घेणाऱ्या बीपीवाल्याने लक्षात ठेवावं की तो मीठच पितोय.

पण माझं खरं सांगणं वेगळं आहे. "गॅस छातीत चढलाय, जरा स्ट्राँग गोळी द्या" म्हणणारा माणूस समोर आला की मी आधी त्याचं कपाळ बघते. घाम आहे का, रंग उतरलाय का, डावा हात, जबडा, पाठ जड वाटतेय का, मधुमेह आहे का. अशा माणसाला मी गॅसची गोळी विकत नाही. बसवते, 108 लावते. साखरेच्या रुग्णाला हृदयविकाराचा झटका पुष्कळदा जळजळीसारखाच जाणवतो.

लाल रेघ, मलमं, पुड्या

काही पाकिटांच्या कडेने उभी लाल रेघ असते. 2016 मध्ये सरकारने या रेघेची मोहीमच काढली होती. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही असा त्याचा अर्थ. अँटिबायोटिकवर ती असते. सर्दी आणि साधा फ्लू विषाणूंमुळे होतो, त्यावर ॲझिथ्रोमायसिनचा काडीचा उपयोग नाही. तीन गोळ्यांचं पाकीट घेऊन तिसऱ्या दिवशी बरं वाटतं, कारण सर्दी तशीही उतरतच असते. दरवेळी थोडे जंतू ते औषध पचवायला शिकतात, आणि खरा टायफॉइड किंवा न्यूमोनिया होतो तेव्हा तीच गोळी चालत नाही. उरलेल्या अँटिबायोटिकचा ढीग तुमच्या सतरंजीवर असेल तर त्यात पुढच्या आजारासाठी ठेवण्यासारखं काही नाही.

मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन ही नावं शोधा. ही स्टेरॉइडं. नायट्यावर लावलं की खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून भाऊ भावाला देतो, मैत्रीण मैत्रिणीला. खाज थांबते, पण बुरशी मरत नाही. उलट तिला रान मोकळं मिळतं. नायटा जांघेतून पोटावर, पाठीवर पसरतो, आणि असा बिघडलेला नायटा बरा करायला त्वचारोगतज्ज्ञांना महिनोन्महिने लागतात. गोरं दिसायला तेच मलम तोंडाला चोपडणाऱ्या मुली येतात. काही महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ, लालभडक, उन्हात गेलं की आग, गालावर लव. आणि मलम सोडलं की त्याहून वाईट. 2018 मध्ये ही मलमं चिठ्ठीवरच द्यायच्या यादीत टाकली ती याचमुळे. डोळे लाल झाले म्हणून घरातले जुने स्टेरॉइडचे थेंब घालणंही तसंच. डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो. कुठलेही डोळ्यांचे थेंब बाटली फोडल्यापासून महिनाभरच. फोडलेली तारीख खोक्यावर लिहा.

आठवडी बाजारात सांधेदुखीची पुडी मिळते. पाकीट नाही, नाव नाही, "पूर्ण जडीबुटी" म्हणतात. ज्या पुडीने अंथरुणाला खिळलेली बाई तिसऱ्या दिवशी धुणं धुवायला जाते त्या पुडीत स्टेरॉइड कालवलेलं असण्याचा संशय घ्याच. चेहरा चंद्रासारखा गोल होतो, साखर वाढते, हाडं पोकळ होतात. आणि एकाएकी बंद केली तर बीपी कोसळून जिवावर बेततं. म्हणून अशी पुडी कुणी महिनोन्महिने घेत असेल तर रागावून फेकून देऊ नका. पुडी हातात घेऊन आधी डॉक्टरांकडे जा.

व्हिटॅमिन डी 60,000 युनिटची गोळी आठवड्यातून एकदा असते. ती रोज घेतलेली माणसं मी पाहिलीत. रक्तातलं कॅल्शियम चढून उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाला इजा होते. जीवनसत्त्व आहे म्हणून कितीही चालतं असं नाही.

सुट्ट्या गोळ्या आणि एक कागद

शेवटचा ढीग कापलेल्या तुकड्यांचा, ज्यावर ना नाव ना तारीख. ओळखीची वाटते म्हणून त्यातली एकही ठेवू नका. यात आम्हा दुकानदारांचाही हात आहे. सुट्ट्या गोळ्या कापताना तारखेची बाजू आमच्याकडे राहते की तुमच्याकडे जाते, कुणी बघत नाही. दोन-चार गोळ्या घेताना हक्काने म्हणा, "पाकिटाचा फोटो काढू द्या." माझ्याकडे मी कापलेल्या गोळ्या कागदी पाकिटात घालून वर नाव, ताकद, तारीख आणि कशासाठी ते मराठीत लिहून देते. छापलेला महिना संपेपर्यंत औषध चालतं, म्हणजे मार्च लिहिलं असेल तर 31 मार्चपर्यंत. पण तेही औषध कोरड्या, थंड जागी असेल तर. गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर किंवा न्हाणीघरात ठेवलं असेल तर तारखेवर जाऊ नका.

टाकायच्या गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात द्या. नुसत्या टाकल्या तर पोरं उचलतात, जनावरं खातात.

मग एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वजन, कुठल्या औषधाने पूर्वी अंगावर पित्त उठलं किंवा त्रास झाला ते, रोजच्या गोळ्यांची खरी नावं, आणि बीपी, साखर, दमा, मूत्रपिंड, गरोदरपण यांतलं काय आहे ते लिहा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं, तेही तिथेच टिपा. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवा. मी पुण्याला होते तेव्हा असा कागद असता तर शेजारच्या काकूंनी तो बघितला असता. कुठल्याही दवाखान्यात, कुठल्याही मेडिकलमध्ये काही नवीन घेताना तो फोटो पुढे करा आणि विचारा, "यातल्या कशाबरोबर हे चालणार नाही?"

गोळी घेतल्यावर अंगावर चट्टे, तोंडावर सूज, दम लागणं असं काही झालं तर आधी 108. नंतर सावकाश 1800-180-3024 या फुकटच्या क्रमांकावर कळवा. औषधांचे दुष्परिणाम नोंदवायला सरकारने तो ठेवलाय आणि सामान्य माणसानेही कळवलेलं चालतं.

ढीग लावताना ज्या पाकिटांचं काय करावं कळणार नाही ती एका पिशवीत घालून तुमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये न्या. संध्याकाळी नको, तेव्हा गर्दीत कुणी नीट बघणार नाही. दुपारी तीन ते पाच आम्ही मोकळे असतो.